तागाच्या शेतातली गाथा

आमच्याकडे ताग पेरतात तो हिरवळीच्या खतासाठी. फुलोऱ्यावर येता येताच नांगरून मातीत गाडतात. बियाण्यासाठी राखलेला तुकडा मात्र पिवळाधमक फुलतो. असाच फुललेला ताग ‘गाथासप्तशती’त भेटतो. साळीचं शेत पिकून पांढुरकं होत चाललंय, म्हणून एक बाई मान खाली घालून रडते आहे. कापणी झाली की प्रियकराला भेटायचा आडोसा गेला! मैत्रीण समजावते: रडतेस काय, तागाचं शेत बघ, हरताळाचा पिवळा रंग माखलेल्या नटीच्या तोंडासारखं दिसतंय.

पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावरचा हा महाराष्ट्री प्राकृत संग्रह परंपरेने पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडी आहेत आणि आपली इच्छा त्या स्पष्ट सांगतात.

म्हणून ‘तेव्हा सगळं मोकळं होतं’ असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. त्या बाईलाही आडोसा लागतोच. सासूची, गावाची धास्ती या गाथांमध्ये सतत आहे. शिवाय कवितेला स्वतःचे संकेत असतात. लोक काय करत होते, काय उघड बोलता येत होतं आणि कशाला शिक्षा होत होती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा पुरावा क्वचितच उरतो. उरलेल्या दोहोंचा उरतो, पण ते दोन्ही एकाच वेगाने बदलत नाहीत.

तेराव्या शतकात याच गोदाकाठी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी मासिक पाळीचा विटाळ नाकारला. नाकातून शेंबूड येतो तसाच हा देहाचा स्राव, असं त्यांचं म्हणणं. सात-आठशे वर्षं झाली, तरी घराघरांत बाजूला बसणं चालू राहिलं.

कायद्याची वाट आणखी निराळी. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 ब्रिटिशांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. मराठवाडा तेव्हा निजामाकडे. ती संहिता इथे लागू झाली 1951 मध्ये, म्हणजे इंग्रज गेल्यावर. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. परक्यांनी लिहिलेलं हे कलम इतक्या वर्षांत कित्येकांना ‘आपली संस्कृती’ वाटू लागलं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून दिला होता. मुली माना खाली घालून बसल्या होत्या. पैठण तिथून तासाभराच्या वाटेवर होतं.