दानलेख (पश्चिम दख्खनमधील)

दानलेख : बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर, खांबांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर कोरलेले, दान नोंदवणारे लेख. महाराष्ट्रात नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी, कुडा इत्यादी ठिकाणी ते मोठ्या संख्येने आढळतात. बहुतेक लेख इ.स.पू. पहिले ते इ.स. तिसरे शतक या काळातले असून त्यांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत आहे. दाता कोण, कुठला, काय दिले आणि कोणाला दिले, एवढाच मजकूर बहुतेकांत असतो. सातवाहनकालीन समाजाची ओळख मात्र याच त्रोटक ओळींतून सर्वांत थेट होते. वैदिक यज्ञ करणारे आणि बुद्धाला शरण गेलेले असे दोन वेगळे समाज इथे नांदत होते, ही कल्पना या लेखांपुढे टिकत नाही.

जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटातला लेख पाहावा. सातवाहन घराण्यातल्या राणीचा, सामान्यतः नागनिकेचा मानला जाणारा हा लेख इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून सुरू होतो. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडे त्यात आहेत. याच घराण्यातल्या गौतमी बलश्रीने पुढे नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर (आजची पांडवलेणी) एक देखणा विहार खोदवून भद्रायणीय या बौद्ध शाखेच्या भिक्षूंना दिला. तो लेण्याचा क्रमांक 3. तिथला लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षाचा आहे. त्यात तिचा दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी ‘एकब्राह्मण’ आहे, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा आहे, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा आहे, आणि राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी आहे. वर्णव्यवस्थेचे रक्षण केल्याची ही स्तुती बौद्ध विहाराच्या भिंतीवर कोरली गेली आणि संघाने ती चालवून घेतली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सर्व पंथ गुण्यागोविंदाने नांदत होते, एवढेच म्हणून ती सोडून देता येत नाही. संघाला राजाश्रय हवा होता आणि राजाला पुण्य व प्रतिष्ठा. वर्णाचा प्रश्न या व्यवहारात कोणी काढलेला दिसत नाही.

क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा जावई, शक उषवदात (ऋषभदत्त), याची दानेही अशीच दोन्हीकडची आहेत. नाशिकच्या लेणे क्रमांक 10 मधील लेखांत त्याने तीन लाख गायी दिल्याचे, देव-ब्राह्मणांना 16 गावे दिल्याचे, दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचे आणि प्रभासतीर्थी ब्राह्मणांची लग्ने लावून दिल्याचे सांगितले आहे. लेणे मात्र त्याने चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. त्यासोबत 42व्या वर्षी 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची कायम ठेव, ठेवली. पैकी 2,000 नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा 1 दराने आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने गुंतवले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते. लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत, असे लेखात म्हटले आहे आणि 20 गुणिले 12 बरोबर 240च होतात. हे सगळे निगमसभेत (नगरातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत) जाहीर करून फलकावर नोंदवले होते. भिक्षूंनी सोने-रुपे हाती घेऊ नये असा विनयाचा (भिक्षूंच्या आचारनियमांचा) नियम असताना त्यांच्या कपड्यांची सोय व्याजावर चालत होती. रक्कम श्रेणीकडे ठेवल्याने नियम आणि गरज, दोन्ही सांभाळले गेले असावेत.

क्षहरातांचा उच्छेद गौतमीपुत्राने केला, पण दान मोडले नाही. राज्याच्या 18व्या वर्षी विजयी छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडली : पश्चिम कखडी गावात उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. 24व्या वर्षीच्या दुसऱ्या आज्ञेत, जी राजमातेच्याही नावे आहे, अडचण उघड होते. गाव वस्तीत नाही आणि शेत कोणी कसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरचे राजाच्या मालकीचे 100 निवर्तने शेत बदली दिले. राजपुरुषांनी त्यात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही सोबत आहेत. कसणारे हात नसतील तर जमीन देऊन उपयोग नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे सरकारी दप्तरच सांगते.

राजघराण्यांचे लेख लांबलचक म्हणून त्यांचीच चर्चा जास्त होते. संख्येने जास्त आहेत ते साध्या दात्यांचे लेख. कार्ल्याचे चैत्यगृह (स्तूप असलेले पूजास्थान) वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करवले. ‘जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह’ असा त्याचा अभिमानी उल्लेख तिथे आहे. आतले अनेक खांब मात्र वेगवेगळ्या लोकांच्या नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकट या ठिकाणचे यवनही (ग्रीकही) आहेत. जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी (टाके) दिली. नाशिकच्या एका लेण्यावर मुगुदास नावाच्या कोळ्याचे नाव आहे. कुड्याच्या एका चैत्यगृहाची दात्री भयिला ही ब्राह्मणी आहे आणि तिचा नवरा ब्राह्मण असून स्वतःला उपासक म्हणवतो. जन्माने ब्राह्मण आणि श्रद्धेने बुद्धाचा, यात त्या जोडप्याला विसंगती वाटली नाही. स्त्रिया, भिक्षुणीसुद्धा, स्वतःच्या नावाने दान देत होत्या. त्यासाठी काही ऐवज त्यांच्या स्वाधीन असला पाहिजे.

ज्यांच्यापाशी द्यायला काहीच नव्हते, ते या भिंतींवर नाहीत. लेणी खोदणाऱ्या पाथरवटांपैकी बहुतेकांची आणि राजाच्या शेतावर राबणाऱ्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. या साधनाची ही मर्यादा लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते.

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली आणि अशा दानांचा ओघ आटला. पुढच्या राजवटींत ब्राह्मणांना जमिनी देणारे ताम्रपट वाढले. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे संघाला दिले. कान्हेरीत तर अक्षयनीवीची पद्धत राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळापर्यंत चालू होती : नवव्या शतकात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने तिथे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी 100 द्रम्म (त्या काळची नाणी) ठेवले.