आंत्रविषार : चांगलं खाणारं कोकरूच का दगावतं?

आटपाडी-जत भागातील आमच्या मेंढपाळ ग्राहकांसाठी, पशु-औषध दुकानातर्फे

संध्याकाळी आईला ढुशा देऊन पिणारं कोकरू पहाटे वाड्यात पाय झाडत पडलेलं दिसतं. मान मागं ओढलेली, तोंडाला फेस, आणि डॉक्टरांना फोन लागेपर्यंत ते गेलेलं असतं. कुणी म्हणतं पान लागलं, कुणी म्हणतं नजर लागली. पाऊस पडून कोवळा चारा उगवला की दरवर्षी आमच्या काउंटरवर हीच हकिगत ऐकू येते. आणि बहुतेक वेळा गेलेलं असतं ते कळपातलं सगळ्यात दांडगं कोकरू. अशा मरणाची कारणं बरीच असतात, पण आमच्याकडे पहिला संशय आंत्रविषाराचा घ्यावा.

हा रोग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूच्या ‘ड’ प्रकारामुळं होतो. हा जंतू धडधाकट मेंढरांच्या आतड्यातही थोड्या संख्येनं असतो आणि एरवी शेणाबरोबर वाहून जातो. पण जनावरानं एकदम मका, ज्वारीची कणसं किंवा ओला कोवळा चारा भरपेट खाल्ला, की न पचलेलं पीठ लहान आतड्यात उतरतं. त्यावर जंतू झपाट्यानं वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो.

हे विष म्हणजे एक प्रथिन आहे. सुमारे ३०० अमिनो आम्लांची एकच साखळी, घडी घालून लांबट, चिंचोळ्या आकाराची झालेली. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीनं २००४ मध्ये तिची रचना उलगडली. तिचे तीन भाग आहेत. एक भाग पेशीला चिकटतो, मधला भाग पुढं भोक पाडतो आणि टोकाच्या भागाला एक शेपूट असते. ही शेपूट जागेवर आहे तोवर विषाचे कण एकमेकांना जोडले जात नाहीत, म्हणून जंतूतून बाहेर पडताना ते जवळजवळ निरुपद्रवी असतं. दावं बांधलेल्या बैलासारखं.

हे दावं तोडतो मेंढराचाच पाचकरस. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन हे रस चारा पचवता पचवता ही शेपूटही छाटून टाकतात आणि विषाची ताकद सुमारे हजारपटीनं वाढते. मग सात कण पेशीवर एकत्र येऊन कडं करतात. त्या कड्यातून पेशीच्या पडद्यात आरपार नळी घुसते, क्षारांचा तोल जातो, पेशी फुगते आणि मरते. विष आतड्याची भिंत सैल करून रक्तात उतरतं. पुढं गुर्दे आणि मेंदू. मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, मेंदूला सूज येते. ते पाय झाडणं आणि मान ओढणं त्याचंच. शेळ्यांमध्ये बऱ्याचदा आधी जुलाब दिसतात, मेंढीत तेवढीही सूचना मिळत नाही.

मेलेलं कोकरू फाडलं तर गुर्दा बोटाखाली लगद्यासारखा बसतो. मात्र उन्हात काही तास पडलेल्या जनावराचा गुर्दा तसाही मऊ होतो. म्हणून ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेंढराच्या लघवीत साखर सापडणं ही यातली कामाची खूण आहे.

“एखादं चांगलं इंजेक्शन द्या” म्हणून धावत येणाऱ्यांना आम्ही खरं तेच सांगतो. प्रतिजैविक जंतूला मारतं, रक्तात उतरलेल्या विषाला ते काही करत नाही. उपाय आधीचाच, म्हणजे लस.

लशीत हेच विष असतं, पण फॉर्मेलिन घालून निकामी केलेलं. आकार बराचसा तोच राहतो, मारण्याची ताकद जाते. शरीर तो आकार ओळखून प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती खऱ्या विषाला पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला पहिल्या डोसात फक्त तोंडओळख होते. खरं बळ दोन-तीन आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या डोसानं येतं. दुसऱ्या डोसाला बरेच जण येत नाहीत. याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण पैसे खर्चून, मेंढरं धरून, अर्धंच काम झालेलं असतं. त्यानंतर दरवर्षी एक डोस. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी दिला तर चिकातून कोकराला संरक्षण मिळतं, आणि मग कोकराची स्वतःची लस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

मृग लागायच्या आत दोन्ही डोस झालेले हवेत, म्हणजे सुरुवात मेच्या पहिल्या पंधरवड्यात. सरकारी दवाखान्यात लस आली असेल तर आधी तिथंच जा, आमच्याकडून घेतलीच पाहिजे असं नाही. चारा बदलताना आठवडाभर थोडा थोडा बदला. सकाळी वाळली वैरण टाकून मगच ओल्या रानात सोडा.

बाटली २ ते ८ अंशात राहिली पाहिजे, पण गोठता कामा नये. आमच्याच घरी एका वर्षी बाटली बर्फाच्या कप्प्यात राहिली. वितळल्यावर तळाशी गुठळ्या बसल्या होत्या, कितीही हलवलं तरी मिसळेनात. ती पूर्ण बाटली आम्ही टाकून दिली. चांगल्या बाटलीतला पांढरा साका हलवल्यावर दुधासारखा एकजीव होतो. प्रत्येक वेळी सुई भरण्याआधी हलवा. लस कातडीखाली द्यायची, मात्रा बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे.

थर्मास आणा, बर्फ आम्ही देतो. दुसऱ्या डोसाची तारीख खोक्यावर पेनानं लिहून मिळेल. वाडा तोवर दुसऱ्या गावाला जाणार असेल तर आधीच सांगा, वाटेवरच्या कुठल्या दवाखान्यात सोय होईल ते पाहून ठेवू.