बाकावरची शिकवणी

शस्त्रक्रियेनंतर एक बाई कण्हत होती. लॅटिन अमेरिकी वंशाची. तिथे असलेले एक डॉक्टर, तेही त्याच समाजातले, नर्सला म्हणाले की हिला बरंच दुखत असावं. नर्सने ते मानलं नाही. तिने वेगवेगळ्या संस्कृतींच्या रुग्णांवरचा कोर्स केला होता आणि हे लोक दुखणं वाढवून सांगतात, असं ती तिथे शिकली होती. समोर कण्हणाऱ्या बाईला विचारायची तिला गरजच वाटली नाही. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये हा प्रसंग लिहिला. माणसांविषयीचं ज्ञान कोर्समध्ये पूर्ण होतं हा समजच धोक्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मानसिक आजार आणि व्यसनं यांवर उपचार करणाऱ्यांना हे जास्तच लागू पडतं. नैराश्य रक्त तपासून कळत नाही. रुग्ण जे बोलतो आणि जे बोलायचं टाळतो, त्यावरच निदान उभं असतं. म्हणून समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ घडवताना प्रशिक्षण संस्थेने वस्तीतला दवाखाना, शाळा, निवारागृह, व्यसनमुक्ती गट यांच्याशी भागीदारी करावी, हा विचार मूळ धरतो आहे. भागीदारी हा शब्द मात्र स्वस्तात वापरला जातो. विद्यार्थ्यांना तास भरायला तिथे पाठवलं, एवढ्याने ती होत नाही. काय शिकवायचं हे ठरवताना वस्तीतली माणसं सोबत बसली, तर ती खरी.

हरारेचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. झिम्बाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये वस्तीतल्या १४ आज्यांना समुपदेशन शिकवून, त्यांना घेऊन काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर आजी आणि मन मोकळं करायला आलेलं माणूस. चिबांडांनी त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं होतं. आज्यांनी सांगितलं, या नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही. मग तो 'मैत्रीचा बाक' झाला. 'डिप्रेशन' हा शब्दही मागे पडला आणि 'कुफुंगिसिसा' हा शोना भाषेतला शब्द आला. अर्थ, अति विचार करणं. विचार करकरून डोकं पिकलेल्या कुणालाही तो लगेच कळतो. पुढे २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली होती. आज्या तज्ज्ञाकडून शिकल्या, हे सगळे सांगतात. तज्ज्ञ आज्यांकडून शिकला, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

तरी नुसतं वस्तीत जाऊन कौशल्य येत नाही. रुग्णावर दबाव न आणता त्याच्याच तोंडून बदलाची इच्छा बोलती करण्याची एक संवादपद्धत आहे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांवर तिच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. ज्यांना कार्यशाळेनंतर आपल्या कामावर अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळालं, त्यांचं कौशल्य नुसती कार्यशाळा केलेल्यांपेक्षा पुढे गेलं. कारण साधं आहे. आपण रुग्णाला मधेच तोडलं, हे बोलताना आपल्याला कळत नाही. दुसऱ्याने रेकॉर्डिंग ऐकवून "इथे थांबा, ती काहीतरी सांगत होती" असं दाखवलं की कळतं.

तो दुसरा कोण असावा? पद्धत चुकली तर ती अनुभवी सुपरवायझर पकडेल. पण "आमच्याकडे असं विचारलं की बाई गप्प होते" हे वस्तीतली कार्यकर्तीच सांगू शकते. हे शिकवणं आहे, तेव्हा त्याचा मोबदला तिला मिळायला हवा. प्रशिक्षणाच्या बजेटमध्ये तिच्या नावाची ओळ हवी. आणि सहा महिन्यांनी विद्यार्थी निघून गेला, तर ज्याने महत्प्रयासाने त्याच्यापाशी तोंड उघडलं त्या माणसाला पुढे कोण भेटणार, हे विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवशीच ठरलेलं असावं. शेवटच्या दोन-तीन भेटींत ती पुढची व्यक्तीही शेजारी बसलेली असावी.