अंबरी: काश्मीरचं मूळचं सफरचंद

गणपती-नवरात्राच्या सुमारास आपल्याकडे 'काश्मिरी सफरचंद' म्हणून जी लालभडक, बुडाशी पाच उंचवटे असलेली फळं हातगाड्यांवर येतात, त्यांतली बहुतेक 'डेलिशियस' असतात. पिकलेली काश्मीरमध्येच, पण वाण अमेरिकेचा. म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकण्यासारखी ही फसवणूक नव्हे. फक्त खोऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं सफरचंद वेगळं आहे. त्याचं नाव अंबरी.

१८९५ साली वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याचं काश्मीर खोऱ्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. जमीनमोजणी आणि महसूल ठरवण्यासाठी तो गावोगाव फिरला होता. काश्मीरचं सफरचंद म्हणजे अंबरी, असा मान त्याने या फळाला दिला आहे. मोठं, लाल-पांढरं, गोड, ऑक्टोबरात पिकणारं आणि बराच काळ टिकणारं, असं त्याचं वर्णन. बाहेर पाठवणीही मोठी होती. यातलं टिकाऊपण सगळ्यांत महत्त्वाचं. तेव्हा खोऱ्यात रेल्वे नव्हती. सर्वांत जवळचं मोठं स्टेशन रावळपिंडी, आणि तिथवरचा डोंगरी रस्ता बैलगाडी-टांग्यांचा. नाजूक फळ वाटेतच सडलं असतं. अंबरी मात्र शीतगृहाशिवायही हिवाळाभर घरात राहायचं.

फळ किंचित लांबोळकं. पिवळट सालीवर लाल पट्टे, आत पांढरा, करकरीत गर. आंबटपणा कमी, आणि वास असा की त्याच्या नावाचा संबंध अंबराशी, म्हणजे सुगंधी द्रव्याशी, जोडतात. दक्षिण काश्मीरातलं शोपियान हा त्याचा नावाजलेला मुलूख.

मग ते मागे का पडलं? झाडामुळे. अंबरीला फळ धरायला फार वर्षं लागतात, आणि धरलं तरी एक वर्ष भरघोस, तर पुढचं वर्ष हात राखून. हापूसवाल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. शिवाय फळ तयार होतं हंगामाच्या शेवटी. डेलिशियस लवकर फळतं, लवकर बाजारात येतं आणि रंगाने गिऱ्हाईक ओढतं.

या डेलिशियसची जन्मकथाही गमतीची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत ओळ सोडून उगवलेलं ते रोप. त्याने ते दोनदा छाटून टाकलं, तरी ते पुन्हा फुटलं. १८९३ साली मिसुरीतल्या स्टार्क रोपवाटिकेने भरवलेल्या प्रदर्शनात त्याचं फळ पहिलं आलं, आणि रोपवाटिकेने हक्क विकत घेऊन त्याला हे नाव दिलं. हिमाचलातल्या कोटगढला, अमेरिकेतून येऊन तिथेच स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास डेलिशियसची झाडं लावली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरच्या बागाही त्यानेच भरल्या.

अंबरी अगदीच गेलं मात्र नाही. काश्मीरमध्येच डेलिशियसशी त्याचा संकर होऊन 'लाल अंबरी' झालं, आणि गोल्डन डेलिशियस या पिवळ्या वाणाशी झालेल्या संकरातून 'सुनहरी'. ज्या डेलिशियसने त्याला बाजारातून हटवलं, त्याच्याशीच लाल अंबरीची ही सोयरीक झाली. मूळ अंबरीची थोडी झाडं अजून दक्षिण काश्मीरच्या जुन्या बागांत उभी आहेत. ऑक्टोबरात त्या बाजूला गेलात तर नाव घेऊन मागा.