सादरीकरणाचे सहाध्यायी-मूल्यमापन (फार्मसी शिक्षण)

फार्मसीच्या प्रशिक्षणार्थींना सोबत्याचे सादरीकरण पारखायला आणि त्यावर कामाचा अभिप्राय द्यायला शिकवण्याची पद्धत. बी.फार्म. (४ वर्षे) किंवा २००८च्या विनियमांनी आलेला फार्म.डी. (६ वर्षे), सेमिनार दोन्हीकडे असतोच. इथे ऐकणाऱ्यालाही कामाला लावतात.

सेमिनारसाठी कोकणात विषय शोधत जावे लागत नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा (मूळचे रक्तदाबाचे औषध) वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या कामातून पुढे आला. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असतोच. समजा, एक विद्यार्थिनी तो टाळण्यासाठीच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकावर बोलते आहे. जोखमीच्या काळात प्रौढांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, गोळी घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही: सगळे बरोबर. गरोदर स्त्रीला हे औषध सहसा देत नाहीत, एवढे मात्र राहून जाते. आणि भातलावणीला चिखलात उतरणाऱ्यांत बायका कितीतरी. श्रोते लिहितात, ‘छान झाले, आवाज मोठा हवा.’ उपयोगी अभिप्राय असा: ‘तुझ्या स्लाइडवर मात्रा आहे, कुणाला देऊ नये ते नाही. लावणीवरून आलेली बाई गरोदर असेल, तर काउंटरवर तिला काय सांगशील?’

ही नजर सरावाने येते. एकाच चित्रित सादरीकरणाला सगळ्यांनी आपापले गुण द्यायचे आणि मग एकाने ८, दुसऱ्याने ४ का दिले यावर बोलायचे, हा त्यातला उत्तम सराव. गुणपत्रकात अचूकता, संदर्भ, मांडणी, वेळेचे भान, प्रश्नांना दिलेली उत्तरे असे निकष असतात. पण त्यांना सारखेच वजन दिले, तर रंगीत स्लाइड चुकीच्या मात्रेला झाकून नेते.

अभिप्राय कसा द्यावा याच्या पेंडलटन यांच्या १९८४च्या नियमांनुसार काय जमले ते आधी सादरकर्ता सांगतो, मग इतर, सुधारणा त्यानंतर. लाजऱ्या मुलांसाठी हा क्रम बरा. मात्र रुग्णाला अपाय होईल अशी चूक शेवटपर्यंत राखून ठेवू नये, तिथेच थांबवावे.

खरी अडचण भिडेची. रोज एकाच एस.टी.ने येणारी मुले एकमेकांना सढळ हाताने गुण वाटतात. म्हणून गुण निनावी घेतात, अभिप्राय मात्र समोरासमोर. आणि शिक्षक त्या अभिप्रायालाही गुण देतात.