फॉर्म व क्वेरी कोडने उघडणे

डेस्कटॉप डेटाबेसमधला फॉर्म (माहिती भरण्याची-पाहण्याची खिडकी) किंवा क्वेरी (टेबलांतली माहिती निवडणारी वा बदलणारी साठवलेली आज्ञा) नावावर टिचकी मारून न उघडता प्रोग्राममधल्या आज्ञेने उघडण्याची पद्धत. फॉर्म कोणत्या रूपात यावा, त्यात कोणती रेकॉर्ड दिसावीत, ती बदलता यावीत की नुसती वाचता यावीत आणि तो बंद होईपर्यंत बाकीचे काम थांबावे का, हे सगळे अशा आज्ञेच्या एकाच ओळीत ठरते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ही पद्धत फार रुळलेली आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः ॲक्सेसला धरून आहे.

ॲक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये आली. तिच्यात ॲक्सेस बेसिक ही भाषा होती आणि डूसीएमडी (‘डू कमांड’, म्हणजे क्रिया करायला सांगणारे) हे साधे विधान होते. त्यापुढे जागा सोडून क्रियेचे नाव लिहीत. ॲक्सेस ९५ मध्ये ॲक्सेस बेसिक जाऊन व्हीबीए (ऑफिसमधली व्हिज्युअल बेसिक भाषा) आले, डूसीएमडी हा ऑब्जेक्ट झाला आणि मोकळ्या जागेच्या ठिकाणी टिंब आले. त्याच्या बहुतेक मेथड (त्याला देता येणाऱ्या आज्ञा) म्हणजे मॅक्रोतल्याच, म्हणजे कोड न लिहिता रकाने भरून बनवलेल्या क्रियामालिकेतल्याच, क्रिया आहेत. मॅक्रोत जे रकाने एकाखाली एक भरायचे, तेच कोडमध्ये स्वल्पविरामांनी तोडून एका ओळीत येतात. नवख्याला फॉर्म उघडणाऱ्या ओपनफॉर्म या मेथडच्या ओळीत लागोपाठ तीन-चार स्वल्पविराम दिसतात आणि छापताना चूक झाली असावी असे वाटते. प्रत्यक्षात ते रिकामे सोडलेले रकाने असतात.

ओपनफॉर्मला असे सात रकाने आहेत : फॉर्मचे नाव, दृश्य, फिल्टरचे नाव, अट, डेटा मोड, विंडो मोड आणि ओपनआर्ग्ज. फिल्टरच्या नावाचा रकाना सहसा कोणी वापरत नाही. खरे काम चौथ्या रकान्यातल्या अटीचे.

अट म्हणजे एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेतल्या ‘व्हेअर’नंतरचा मजकूर, फक्त ‘व्हेअर’ हा शब्द वगळून. यादीत एखाद्या ग्राहकावर टिचकी मारली की त्याचाच तपशील उघडावा, हे ‘ग्राहकक्रमांक बरोबर अमुक’ एवढ्या अटीने साधते. किंमत आकडा असेल तर प्रश्न नसतो. मजकूर असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा लागतो, आणि त्या मजकुरातच तसले चिन्ह आले तर अट मध्येच तुटते. म्हणून आतले चिन्ह दुहेरी करून घ्यायचे असते. सर्वांत फसवी बाब तारखेची. तारीख दोन हॅश चिन्हांमध्ये लिहायची, आणि संगणकाची मांडणी काहीही असो, ॲक्सेस तिथे आधी महिना मग दिवस असेच वाचते. ४ मार्च ही तारीख ०४/०३ अशी गेली तर ३ एप्रिलची रेकॉर्ड समोर येतात. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्याने ॲक्सेस गुपचूप क्रम उलटवून बरोबर अर्थ लावते. त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात तपासलेला कोड निर्दोष ठरतो आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली की हा घोळ उरत नाही.

ही अट कुलूप नव्हे. फॉर्म उघडताना ती त्याच्या फिल्टर या गुणधर्मात जाऊन बसते, आणि वापरणाऱ्याने फिल्टर काढून टाकला की सगळी रेकॉर्ड पुढ्यात येतात. ‘प्रत्येकाला आपापलीच रेकॉर्ड दिसावीत’ एवढ्याचसाठी अट वापरणारे पुष्कळ आहेत. सोयीपुरते ते ठीक. सुरक्षितता म्हणून त्यावर विसंबू नये.

डेटा मोडच्या तीन किमती म्हणजे भर घालणे, दुरुस्ती आणि केवळ वाचन. रकाना रिकामा सोडला तर फॉर्मच्या स्वतःच्या गुणधर्मांत असेल तसे होते. भर घालण्याच्या मोडमध्ये फॉर्म कोरा उघडतो आणि आधीची रेकॉर्ड दिसतच नाहीत. ‘माझा सगळा डेटा गेला’ असे कोणी घाबरून सांगत आले की आधी हा रकाना पाहावा.

विंडो मोडमध्ये लपवून उघडणे आणि डायलॉग म्हणून उघडणे हे दोन पर्याय उपयोगाचे. साध्या रीतीने फॉर्म उघडला तर कोड त्याच्यासाठी थांबत नाही, लगेच पुढच्या ओळीवर जातो. वापरणाऱ्याकडून तारीख विचारून मग अहवाल काढायचा असेल, तर त्याने तारीख लिहिण्याआधीच अहवाल निघतो, तोही रिकामा. डायलॉग मोडमध्ये मात्र फॉर्म बंद होईपर्यंत किंवा दिसेनासा होईपर्यंत बोलावणारा कोड त्याच ओळीवर उभा राहतो. ‘दिसेनासा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ओपनफॉर्म कोणतीही किंमत परत देत नाही. म्हणून ‘ठीक’ बटणाने फॉर्म बंद न करता त्याची व्हिजिबल किंमत फॉल्स करायची, मग थांबलेला कोड पुढे सरकतो, लपलेल्या फॉर्ममधली तारीख वाचतो आणि शेवटी फॉर्म स्वतः बंद करतो. ‘रद्द’ बटण फॉर्म सरळ बंद करते, आणि फॉर्म आता उघडा नाही यावरून कोडला काय ते कळते. युक्ती जुनी आहे, जराशी आडवळणाचीही आहे, पण याहून साधी तोड ॲक्सेसमध्ये नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या डेटाबेस प्रोग्राममध्ये ‘डू फॉर्म’ आज्ञेला ‘टू’ जोडून परत येणारी किंमत थेट व्हेरिएबलमध्ये घेता येते. त्यासाठी फॉर्म मोडल, म्हणजे बंद होईपर्यंत बाकीचे अडवून धरणारा, असावा लागतो.

डायलॉग उघडल्यावर बोलावणारा कोड थांबलेला असल्यामुळे त्याला फॉर्मचे शीर्षक बदलणे वगैरे काही करता येत नाही. जे सांगायचे ते आधीच हाती द्यावे लागते, आणि सातवा रकाना त्यासाठीच आहे. ओपनआर्ग्जमधून एक मजकूर जातो. दोन-तीन गोष्टी द्यायच्या असल्या तर मध्ये उभी रेघ घालून जोडायच्या आणि आत स्प्लिट फंक्शनने वेगळ्या करायच्या. काहीच दिले नसेल तर तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ अशी स्थिती, असते. तोच फॉर्म नावावर टिचकी मारून उघडला की नेमका याच ठिकाणी त्रुटी देतो, म्हणून वाचण्याआधी नलच्या जागी दुसरी किंमत देणाऱ्या एनझेड फंक्शनने त्याचा बंदोबस्त करावा.

उघडताना फॉर्मवर इव्हेंट (ज्यांना कोड जोडता येतो अशा घटना) ठरलेल्या क्रमाने येतात : ओपन, लोड, रिसाइझ, ॲक्टिव्हेट, करंट. यांपैकी ओपनमध्ये कॅन्सल हा पर्याय मिळतो. दाखवण्यासारखे रेकॉर्डच नसेल तर तिथेच उघडणे रोखता येते. मात्र तसे केल्यावर बोलावणाऱ्या कोडला २५०१ क्रमांकाची त्रुटी मिळते, आणि ती तिकडे झेलली नाही तर वापरणाऱ्यासमोर त्रुटीची चौकट येते. फॉर्म आधीच उघडा असेल तर ओपनफॉर्म दुसरी प्रत काढत नाही, आहे त्यालाच पुढे आणते. ओपन इव्हेंट पुन्हा घडत नाही, त्यामुळे त्यात लिहिलेली तयारीही होत नाही. म्हणून आधी ऑलफॉर्म्स या सगळ्या फॉर्मच्या यादीतल्या इजलोडेडने फॉर्म उघडा आहे का याची चौकशी करण्याची सवय चांगली. फॉर्म डिझाइन दृश्यात उघडा असला तरी इजलोडेड होच म्हणते, हे ध्यानात असावे. एकाच फॉर्मच्या दोन प्रती शेजारी हव्या असतील तर न्यू वापरून नवी प्रत तयार करतात आणि ती मॉड्यूल पातळीवरच्या कलेक्शनमध्ये धरून ठेवतात. नुसत्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवली तर प्रोसीजर संपताच खिडकी नाहीशी होते.

क्वेरीची गोष्ट त्यामानाने गरीब आहे. ओपनक्वेरीला तीनच रकाने : नाव, दृश्य आणि डेटा मोड. अट नाही, ओपनआर्ग्ज नाही, डायलॉग नाही. नेहमीची, नुसती माहिती निवडणारी सिलेक्ट क्वेरी डेटाशीटमध्ये (ओळी-रकान्यांच्या तक्त्यात) उघडते आणि तिच्यावर कोणताही इव्हेंट लिहिता येत नाही. मोड सांगितला नाही तर दुरुस्तीचाच धरला जातो, म्हणजे बघायला दिलेल्या यादीत एखाद्याच्या हातून आकडा बदलला तर तो थेट टेबलात जातो. हे टाळण्यासाठी जाणते प्रोग्रामर वापरणाऱ्याला क्वेरी दाखवतच नाहीत. ती एखाद्या फॉर्मच्या मुळाशी ठेवतात आणि तो फॉर्म डेटाशीट दृश्यात उघडतात. दिसायला तेच, पण अट, इव्हेंट आणि केवळ वाचन हे सारे हाती राहते.

भर घालणारी, बदलणारी किंवा पुसणारी ॲक्शन क्वेरी ओपनक्वेरीने ‘उघडली’ म्हणजे ती चालतेच. शब्द इथे दिशाभूल करतो. चालण्याआधी ॲक्सेस ‘इतकी रेकॉर्ड पुसली जातील’ असे विचारते. ही चौकट नको म्हणून सेटवॉर्निंग्ज फॉल्स करण्याची प्रथा पडली, आणि ती वाईट आहे : मधल्या ओळीत त्रुटी आली तर इशारे पुन्हा चालू करणारी ओळ गाठलीच जात नाही आणि ॲक्सेस बंद होईपर्यंत सगळे पुसणे बिनबोभाट चालते. त्याऐवजी करंटडीबीची (चालू डेटाबेसच्या ऑब्जेक्टची) एक्झिक्यूट मेथड डीबीफेलऑनएरर या पर्यायासह वापरावी. ती विचारत नाही, पण चुकले तर त्रुटी देते. किती रेकॉर्ड बदलली हे हवे असल्यास करंटडीबी आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि मग रेकॉर्ड्सअफेक्टेड वाचावे. अडचण एकच. क्वेरीत फॉर्मवरच्या चौकटीचा उल्लेख असेल तर ओपनक्वेरी तो आपणहून सोडवते, एक्झिक्यूट सोडवत नाही आणि ३०६१ ही ‘पॅरामीटर कमी पडले’ अशी त्रुटी येते. मग क्वेरीडेफ (साठवलेल्या क्वेरीचा ऑब्जेक्ट) घेऊन प्रत्येक पॅरामीटरला किंमत देणे आले.

लिब्रेऑफिस बेस या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्राममध्ये फॉर्म हा रायटर या लेखनाच्या प्रोग्रामचा दस्तऐवज असतो आणि तो डेटाबेसच्या फाइलमध्येच साठवलेला असतो. फॉर्मडॉक्युमेंट्स या फॉर्मच्या यादीतून नावाने काढून त्याला ओपन म्हटले की तो उघडतो. अट मात्र फॉर्म उघडल्यानंतर त्याच्या फिल्टरमध्ये लिहावी लागते, अप्लायफिल्टर ट्रू करावे लागते आणि मग रीलोड.