१५ जानेवारीची मुदत: राज्यशास्त्रातल्या पारदर्शकतेच्या वादाची पार्श्वभूमी

राज्यशास्त्रातल्या आघाडीच्या इंग्रजी नियतकालिकाकडे आज निबंध पाठवला, की बहुतेक ठिकाणी डेटाबद्दल विचारणा होते. तो कुठे ठेवणार, कोणाला पाहता येईल, आणि दाखवता येणार नसेल तर का नाही? निवडणुकांचे आकडे किंवा देशांमधल्या करारांची यादी हाताळणाऱ्याला या प्रश्नात काही वावगे वाटत नाही. एखाद्या हुकूमशाही देशात संपकऱ्यांच्या मुलाखती घेऊन आलेल्या संशोधकाला मात्र इथेच थांबून विचार करावा लागतो. हा प्रश्न आजच्या स्वरूपात आला तो नियतकालिकांच्या संपादकांनी २०१४ साली काढलेल्या एका संयुक्त निवेदनातून, आणि त्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

डेटा वाटून घेण्याची सवय तशी जुनी. १९६२ मध्ये मिशिगनमध्ये २१ विद्यापीठांनी मिळून मतदार सर्वेक्षणांचे सामाईक भांडार उभारले, १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये एसेक्सला तसेच एक भांडार आले. त्यामागे नैतिकतेपेक्षा खर्चाचे कारण मोठे होते. सर्वेक्षण महाग असते, मग एकदा झालेल्या कामावर दहा जणांनी का लिहू नये? ‘डेटा दाखवा, नाहीतर निष्कर्ष मानणार नाही’ हा सूर बराच नंतरचा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी मागणी केली की, लेखकाची मदत न घेता दुसऱ्याला तोच निष्कर्ष काढता येईल एवढी सामग्री प्रत्येक निबंधासोबत हवी. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या काही नियतकालिकांनी २००३ च्या सुमारास हे तत्त्व औपचारिकपणे स्वीकारले. हे सगळे आकडेवारीवाल्यांचे आपसातले होते, त्यामुळे बाकीच्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

बाकीचे तेव्हा वेगळ्याच भांडणात होते. ऑक्टोबर २००० मध्ये ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने एक निनावी ईमेल फिरला. गणिती प्रारूपे आणि संख्याशास्त्र यांनी या ज्ञानशाखेचा ताबा घेतला आहे, प्रदेशांचा व भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना प्रमुख नियतकालिकात जागाच उरलेली नाही, असा त्याचा रोख होता. त्या असंतोषानंतर २००३ मध्ये एक नवे, सर्व पद्धतींना खुले नियतकालिक सुरू झाले. पुढच्या वादात दोन्ही बाजूंना एकमेकांच्या हेतूंविषयी जो संशय होता, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

२०१० नंतर अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेत पारदर्शकतेवर समित्या बसल्या. २०१२ मध्ये नैतिकतेच्या मार्गदर्शिकेत बदल झाला: पुरावा उपलब्ध करून देणे, तो कसा मिळवला हे सांगणे, आणि त्यातून निष्कर्ष कसा काढला हे दाखवणे, ही संशोधकाची जबाबदारी ठरली. यावर फारशी ओरड झाली नाही. मार्गदर्शिका कोण वाचतो? सप्टेंबर २०१४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला काही संपादक एकत्र बसले आणि त्या तत्त्वांचे नियम झाले. ऑक्टोबरमध्ये निघालेल्या निवेदनावर पुढे २७ नियतकालिकांच्या संपादकांनी सह्या केल्या, आणि अंमलबजावणीसाठी १५ जानेवारी २०१६ ही तारीख ठरली.

निवेदन छोटे आहे. निबंधात वापरलेला डेटा प्रकाशनाच्या वेळी विश्वासार्ह डिजिटल भांडारात असावा, विश्लेषणाच्या पायऱ्या स्पष्ट असाव्यात, दुसऱ्याचा डेटा वापरला तर त्याचा रीतसर उल्लेख व्हावा. यावर कोणी भांडले नसते. भांडण झाले ते अपवादाच्या कलमावरून. डेटा गोपनीय असेल, किंवा तो उघड न करण्याचे वचन दिलेले असेल, तर लेखकाने निबंध पाठवतानाच संपादकाला तसे कळवायचे. मग पूर्ण अधिकार संपादकाचा. तो सूट देऊ शकतो, अटी घालून सूट देऊ शकतो, किंवा निबंध परीक्षणाला पाठवण्यासच नकार देऊ शकतो.

या शेवटच्या पर्यायावर समर्थकांनी फारसे बोलणे टाळले, आणि टीकाकारांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. गोपनीयतेचे वचन मुलाखतीच्या आधी द्यावे लागते. तो निबंध कोणत्या नियतकालिकाकडे जाईल, तिथे तेव्हा संपादक कोण असेल आणि त्याला सूट रास्त वाटेल का, हे दोन-तीन वर्षांनी कळणार. तोवर वचन देऊन झालेले असते, मोडता येत नाही. म्हणजे सर्वेक्षणाच्या फायलीला जो नियम सहज लागू पडतो, तोच फील्डवर्क करणाऱ्याला परवानगी मागायला लावतो. शिवाय ‘डेटा’ म्हणजे काय, हा गुंता होताच. सहा महिने एका वस्तीत राहून लिहिलेल्या वह्या म्हणजे डेटा का? नावे खोडली तरी गावातला कोणीही माणूस ओळखेल अशा तपशिलांनी त्या भरलेल्या असतात, आणि ते तपशील काढले तर वहीत वाचण्यासारखे काही उरत नाही.

समर्थकांचीही बाजू होती, आणि तिला लवकरच मोठे उदाहरण मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात दारोदारच्या संभाषणाने मतदारांची समलिंगी विवाहाबद्दलची मते बदलतात, असा निबंध आला. मे २०१५ मध्ये तो मागे घेतला गेला. तसाच प्रयोग करू पाहणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्यांनी त्याचा उपलब्ध डेटा तपासला तेव्हा आकडे संशयास्पद निघाले, आणि सर्वेक्षण केल्याचे सांगितलेल्या कंपनीने ते केलेच नव्हते. डेटा बंद असता तर ही गोष्ट कितीतरी उशिरा उघडकीस आली असती.

पण टीकाकारांच्या हातातली उदाहरणे जास्त जुनी आणि जास्त कडू होती. १९६४-६५ मध्ये अमेरिकी लष्कराने बंडखोरीच्या कारणांवर संशोधनाचा मोठा प्रकल्प आखला. चिलीमध्ये त्यामागचा पैसा कोणाचा हे कळले आणि जुलै १९६५ मध्ये तो गुंडाळावा लागला. परदेशी संशोधक म्हणजे हेर, हा लॅटिन अमेरिकेतला संशय मात्र गुंडाळला गेला नाही. १९७२ मध्ये व्हिएतनामवरच्या गुप्त कागदपत्रांच्या चौकशीत आपले स्रोत सांगायला नकार दिल्याबद्दल एका अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाला आठवडाभर तुरुंगात काढावा लागला. सर्वांत ताजा धडा बेलफास्टचा होता. उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती २००१ ते २००६ दरम्यान अमेरिकेतल्या एका महाविद्यालयासाठी ध्वनिमुद्रित झाल्या, बोलणाऱ्याच्या मृत्यूपूर्वी त्या उघड होणार नाहीत या भरवशावर. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या विनंतीवरून त्यांच्यासाठी समन्स निघाले, पुढे काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या, आणि एप्रिल २०१४ च्या अखेरीस एका मोठ्या नेत्याला अटक झाली. चार दिवसांनी आरोप न ठेवता सोडले, हा भाग वेगळा. ॲन आर्बरची बैठक त्यानंतर पाचच महिन्यांनी झाली. भांडारात ठेवलेल्या वस्तूपर्यंत न्यायालय पोचू शकते, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मुदत पुढे ढकलण्याची मागणी करणाऱ्या पत्रावर हजाराहून अधिक अभ्यासकांनी सह्या केल्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या नियतकालिकाने निवेदनावर आधीच सही नाकारली होती. मुदत ढकलली गेली नाही. काही संपादकांनी नियम सौम्यपणे लावले, काहींनी कडक. १५ जानेवारी उलटली आणि दहाच दिवसांनी, २५ जानेवारी २०१६ रोजी, इजिप्तमधल्या स्वतंत्र कामगार संघटनांवर काम करणारा ब्रिटिश विद्यापीठातला एक इटालियन पीएचडी विद्यार्थी कैरोत बेपत्ता झाला. ३ फेब्रुवारीला त्याचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. या घटनेचा आणि निवेदनाचा काही संबंध नाही. तरीही ‘धोक्याच्या ठिकाणी काम करणारे थोडेच असतात, त्यांच्यासाठी अपवाद पुरे’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीच्या सहजतेने म्हणता येईना. २०१८ च्या मे महिन्यात संयुक्त अरब अमिरातीत ब्रिटिश विद्यापीठातल्या आणखी एका पीएचडी विद्यार्थ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. नोव्हेंबरमध्ये जन्मठेप सुनावली गेली आणि काही दिवसांतच माफी मिळाली.

गुणात्मक पद्धतींच्या, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती, निरीक्षण आणि कागदपत्रांवर काम करणाऱ्या, अभ्यासकांनी २०१६ पासून स्वतंत्र विचारविनिमय सुरू केला. अभिलेखागारातले काम, लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास (एथ्नोग्राफी), हिंसाग्रस्त भागातले संशोधन, प्रत्येकासाठी वेगळे गट आणि वेगळे अहवाल. एकच नियम सर्वांना लावता येत नाही, हे मूळ निवेदनाच्या आधी ठरायला हवे होते, ते असे नंतर ठरले. २०२० मध्ये व्यावसायिक संघटनेने माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वे स्वतंत्रपणे मंजूर केली. मुलाखतींसाठी वेगळी भांडारे आली. तिथे काही सामग्रीवर काही वर्षांची बंदी ठेवता येते, काही फक्त अर्ज करून पाहता येते, तर निबंधातल्या एखाद्या विधानाला मूळ मजकुराचा उतारा जोडण्याचीही सोय आहे. आकडेवारीच्या बाजूला एका प्रमुख नियतकालिकाने २०१५ पासून प्रकाशनापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून पूर्ण पडताळणी सुरू केली होती, आणि ती पद्धत आता रुळली आहे.

फील्डवर एक बदल दिसतो, पण त्याची चर्चा कमी होते. संमतीपत्रात ‘ही मुलाखत पुढे इतर संशोधकांना उपलब्ध होऊ शकते’ असे वाक्य आता सुरुवातीलाच घालावे लागते. ते वाचून समोरचा माणूस किती मोकळा बोलेल, याची नोंद मात्र कोणत्याही भांडारात होत नाही.